तोंडचे पाणी आणि मनाचा ताण : तंडुलदिव्यापासून लाळेतील कॉर्टिसॉलपर्यंत

प्रस्तावना

भीती, चिंता आणि तोंड यांचा संबंध मराठी भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेवला आहे. संकटाच्या वार्तेने माणसाच्या 'तोंडचे पाणी पळते', त्याच्या 'घशाला कोरड पडते', 'जीभ टाळ्याला चिकटते'. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात स्वजनांना समोर पाहून अर्जुन आपल्या अवस्थेची जी लक्षणे सांगतो, त्यांत गात्रे गळणे, अंगाला कंप सुटणे आणि तोंड कोरडे पडणे यांचा समावेश आहे. मनातील क्षोभ लाळेवरून ओळखता येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु अनुभव ही एक गोष्ट आणि त्या अनुभवाला पुरावा म्हणून उभे करणे ही दुसरी. लाळेच्या साक्षीवरून माणसाविषयी निर्णय द्यावयाचा झाल्यास त्या साक्षीची विश्वासार्हता तपासावी लागते. ही तपासणी निरनिराळ्या काळांत कोणी, कशी आणि किती काटेकोरपणे केली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

गेल्या काही दशकांत दंतवैद्यकात लाळेतील कॉर्टिसॉल, अल्फा-अमायलेज यांसारख्या घटकांना मानसिक ताणाचे 'निर्देशक' मानून तोंडाच्या चिरकारी दाहजन्य विकारांचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर झाला. त्यांपैकी ओरल लायकेन प्लॅनस हा विकार येथे उदाहरणादाखल घेतला आहे. गालाच्या आतील बाजूस पांढऱ्या रेषांची जाळी, काही रुग्णांत लाल, सोललेले, आग होणारे व्रण, आणि वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहणारी व्याधी असे त्याचे स्वरूप असते. मध्यम वयातील स्त्रियांत तो अधिक आढळतो. तिखट घास न सोसणाऱ्या अशा रुग्णास 'तुम्हाला टेन्शन फार आहे' असे सांगितले जाते तेव्हा ते वैद्यकीय निदान असते की समाजमान्य समजूत, हा प्रश्न दंतवैद्यकाइतकाच इतिहासाचाही आहे.

तंडुलदिव्य आणि मुखरोगी

प्राचीन भारतीय व्यवहारशास्त्रात साक्षीपुरावा उपलब्ध नसेल तेव्हा 'दिव्य' हे निर्णयाचे साधन मानले जाई. याज्ञवल्क्यस्मृतीने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. नंतरच्या ग्रंथांत ही संख्या नऊपर्यंत गेली आणि तीत तंडुल म्हणजे तांदळाच्या दिव्याचा समावेश झाला. नारदस्मृतीत हे दिव्य चोरीच्या आरोपापुरते मर्यादित ठेवले आहे. त्याचा विधी थोडक्यात असा : पांढरे तांदूळ मातीच्या भांड्यात, देवतास्नानाच्या पाण्यात भिजवून रात्रभर ठेवावयाचे, दुसऱ्या दिवशी उपोषित आरोपीने पूर्वाभिमुख होऊन ते चावावयाचे आणि पिंपळाच्या पानावर थुंकावयाचे. थुंकीत रक्त दिसले, हनुवटी किंवा टाळू दुखावली, अथवा अंगाला कंप सुटला, तर आरोपी दोषी.

येथे एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. नारदाने सांगितलेल्या दोषचिन्हांत रक्त आहे, कंप आहे. 'कोरडेपणा' स्पष्टपणे नाही. कोरडेपणाचा उल्लेख ठळकपणे आढळतो तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. बनारसचे मुख्य न्यायाधिकारी अली इब्राहिम खान यांनी हिंदूंच्या दिव्यांविषयी लिहिलेला वृत्तान्त वॉरन हेस्टिंग्जच्या मार्फत 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात (१७८८) प्रसिद्ध झाला. त्यात शालिग्रामासह तोललेले कोरडे तांदूळ संशयितांना चावावयास देण्याची पद्धत वर्णिली असून ज्याच्या तोंडातून तांदूळ कोरडे किंवा रक्ताने डागळलेले बाहेर पडतील तो दोषी, असे म्हटले आहे. भिजवलेले तांदूळ आणि कोरडे तांदूळ यांतील फरक क्षुल्लक नाही. पहिल्या प्रकारात लाळ सुटली की नाही हे कळणे अवघड. दुसऱ्या प्रकारात परीक्षा प्रत्यक्ष लाळेचीच होते. म्हणजे शास्त्रग्रंथातील विधी आणि प्रत्यक्ष व्यवहारातील विधी यांच्यात अंतर पडले होते, आणि व्यवहार हा शरीरधर्माच्या अधिक जवळ सरकला होता असे म्हणता येईल. मराठेशाहीच्या न्यायव्यवस्थेत मात्र तापलेल्या तेल-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे 'रवा'दिव्य आणि अग्निदिव्य हीच अधिक ठळकपणे दिसतात, वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ मधील ग्रंथात त्यांचे विवेचन आहे.

या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा संदर्भ कात्यायनाचा आहे. कात्यायनाची व्यवहारविषयक स्मृती स्वतंत्र ग्रंथरूपाने उपलब्ध नाही. निबंधग्रंथांत विखुरलेली तिची वचने एकत्र करून महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३३ मध्ये 'कात्यायनस्मृतिसारोद्धार' सिद्ध केला. काण्यांच्या मते कात्यायनाचा काळ सुमारे इ. स. ४०० ते ६०० असा आहे. कोणते दिव्य कोणास देऊ नये हे सांगताना कात्यायन म्हणतो की, लोहाराला अग्निदिव्य देऊ नये, पाण्यात वावरणाऱ्यांना जलदिव्य देऊ नये, मंत्र आणि योग जाणणाऱ्यांना विषदिव्य देऊ नये, आणि व्रतस्थ माणसास तसेच मुखरोग्यास तंडुलदिव्य देऊ नये.

या नियमामागील तर्क उघड आहे. लोहाराचे हात विस्तवाला सरावलेले असतात. कोळ्याचा दम पाण्याखाली टिकतो. त्यांच्या बाबतीत परीक्षेचा निकाल अपराधावर अवलंबून न राहता सवयीवर अवलंबून राहील. तसेच ज्याच्या हिरड्यांतून एरवीच रक्त येते किंवा ज्याचे तोंड आधीच सोललेले आहे, त्याच्या थुंकीतील रक्त अपराधाची साक्ष देऊ शकत नाही. उपवासाने व्रतस्थाचे तोंड सुकलेले असते. दिव्याच्या मुळाशी असलेली दैवी न्यायाची श्रद्धा आपण आज स्वीकारणार नाही. परंतु देवतेच्या निर्णयावर श्रद्धा ठेवणारा स्मृतिकारही शरीराच्या आधीच्या अवस्थेमुळे परीक्षा भ्रष्ट होते हे जाणून होता. आधुनिक संशोधनपद्धतीच्या भाषेत बोलावयाचे तर त्याने 'वगळण्याचे निकष' सांगितले. देवतेला मुखरोगी कोण हे कळत नव्हते काय, असा खोडकर प्रश्न येथे सुचतो. पण त्याचे उत्तर धर्मशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवणे बरे.

भयाचे शरीरशास्त्र

लाळेचा आणि चेतासंस्थेचा संबंध प्रयोगाने सिद्ध होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८५१ मध्ये कार्ल लुडविग याने मज्जातंतूला उत्तेजित करून लालाग्रंथीतून स्राव घडवून आणता येतो हे दाखविले. लाळ ही रक्तातून नुसती गाळली जात नाही, ती मज्जासंस्थेच्या आज्ञेने निर्माण होते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. चार्ल्स डार्विनने १८७२ च्या भावनाभिव्यक्तीवरील ग्रंथात भयाच्या लक्षणांमध्ये लालाग्रंथींचे कार्य मंदावून तोंड कोरडे पडते याची नोंद केली. पुढे पाव्हलॉव्हने कुत्र्यांच्या लाळेच्या थेंबांवरून अभिसंधानाचा सिद्धान्त उभारला, ही कथा मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तिची पुनरुक्ती येथे नको.

आपल्या विषयाच्या दृष्टीने वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या शरीरशास्त्रज्ञाचे स्थान अधिक महत्त्वाचे आहे. वेदना, भूक, भय आणि क्रोध यांत होणाऱ्या शारीरिक बदलांवरील त्याचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षोभामुळे पाचक स्राव थांबतात हे सांगताना कॅनन भारतातील तंडुलदिव्याचेच उदाहरण देतो. त्याच्या मते पकडले जाण्याच्या भयाने अपराध्याची लाळ आटते या ज्ञानाचा तो एक व्यावहारिक उपयोग होता. अशा रीतीने बनारसच्या वृत्तान्तातील विधी अमेरिकेतील प्रयोगशाळेच्या ग्रंथात उदाहरण म्हणून दाखल झाला. पण या प्रवासात दोन गोष्टी गळाल्या. रक्त आणि कंप ही नारदोक्त चिन्हे मागे पडून केवळ कोरडेपणा उरला. आणि कात्यायनाचा मुखरोग्याविषयीचा अपवाद तर कॅननच्या वर्णनात नाहीच. निर्दोष माणूसही न्यायासनासमोर भयाने कोरडा पडू शकतो, ही साधी शंकाही त्याने तेथे विचारात घेतलेली नाही. उदाहरण जेव्हा एका संस्कृतीतून दुसरीत जाते तेव्हा त्याचा चटकदार भाग टिकतो आणि सावधगिरीचा भाग गळून पडतो, याचा हा चांगला नमुना आहे.

१९३६ मध्ये हान्स सेल्ये याने 'नेचर' या नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. निरनिराळ्या अपायकारक घटकांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देते आणि त्यात अधिवृक्क ग्रंथीचा मोठा वाटा असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. 'स्ट्रेस' हा शब्द त्याने पुढे रूढ केला. १९५० मध्ये त्याच नावाचा त्याचा ग्रंथ आला. कॅननच्या भयात क्षणिक प्रसंग होता; सेल्येच्या ताणात काळाचा विस्तार आला. दीर्घकाळ चालणाऱ्या विकाराचे कारण मनात शोधण्यास त्यामुळे शास्त्रीय भाषा मिळाली.

खंदकातील तोंडे

या भाषेच्या आधीच तोंडाचा एक विकार ताणाशी जोडला गेला होता. हिरड्यांच्या टोकांना अचानक व्रण पडणे, रक्त येणे, असह्य दुर्गंधी आणि वेदना या लक्षणांच्या व्याधीतील जंतूंचे वर्णन प्लाउट (१८९४) आणि व्हँसाँ (१८९६) यांनी केले होते. पहिल्या महायुद्धात खंदकांत राहणाऱ्या सैनिकांमध्ये ती इतकी पसरली की तिला 'ट्रेंच माउथ' म्हणजे खंदकी तोंड असेच नाव पडले. खंदकात दात घासण्याची सोय नव्हती, अन्न निकृष्ट होते, झोप नव्हती, तंबाखूचे सेवन प्रचंड होते आणि मरणाची भीती अखंड होती. यांपैकी नेमके कारण कोणते, हे त्या परिस्थितीत सांगणे अशक्यच होते. डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग यांनी १९५१ मध्ये सैन्यसेवा आणि हिरड्यांचा दाह यांच्या संबंधावर लेखन केले. याच पिंडबोर्ग यांची भेट आपल्याला पुढे केरळातील खेड्यांत होणार आहे.

दरम्यान १९३९ मध्ये अमेरिकेत मनोदैहिक वैद्यकाचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले आणि १९५० मध्ये फ्रान्झ अलेक्झांडरचा याच विषयावरील ग्रंथ आला. प्रत्येक विकाराच्या मागे एक विशिष्ट मनोव्यापार शोधण्याची प्रवृत्ती त्या काळात बळावली. १९५२ मध्ये हिरड्यांच्या विकारांतील भावनिक घटकांवर मनोविश्लेषणाच्या अंगाने लिहिलेला निबंध दंतवैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज हे लेखन वाचताना त्यातील आत्मविश्वासाचे आश्चर्य वाटते. रुग्णसंख्या थोडी, तुलनेसाठी निरोगी गट नाही, आणि निष्कर्ष मात्र व्यक्तिमत्त्वाच्या तळापर्यंत पोहोचलेले! मनोदैहिक विचाराने रुग्णाचे ऐकून घेण्याची सवय वैद्यकाला लावली, हे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण मोजमापाच्या अभावी तो टिकाव धरू शकला नाही.

मोजमाप आले ते लाळेतूनच. अमेरिकन हवाई दलाच्या संशोधनसंस्थेत आयरा शॅनन यांनी १९५९ पासून कानशिलाजवळील लालाग्रंथीच्या स्रावातील स्टेरॉइड संप्रेरके मोजण्यास आरंभ केला आणि १९६९ मध्ये त्यांच्या गटाने हिरड्यांच्या वर उल्लेखिलेल्या व्रणविकाराचा ताणाशी संबंध तपासला. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे ६४ विद्यार्थी वर्षभर तपासले गेले. परीक्षांच्या काळात त्यांच्या लाळेतील इम्युनोग्लोब्युलिन ए या संरक्षक प्रथिनाचा स्राव घटल्याचे दिसले. परीक्षेचा ताण संशोधकांना इतका प्रिय का, हे महाविद्यालयीन अध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही : तो ठरलेल्या तारखेस येतो, सर्वांना सारखाच येतो आणि त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

लायकेन प्लॅनस : एका नावाचा इतिहास

लायकेन प्लॅनस हे नाव लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ मध्ये दिले. (क्लिओपाट्राचा स्तंभ म्हणून ओळखला जाणारा इजिप्तचा शिलास्तंभ १८७७-७८ मध्ये लंडनला आणण्याचा खर्च करणारे विल्सन हेच.) त्वचेवरील चपट्या, जांभळट पुटकुळ्या ही त्याची मूळ ओळख. १८९५ मध्ये लुई विकहॅम यांनी त्यांवरील सूक्ष्म पांढऱ्या रेषांचे वर्णन केले. तोंडातील जाळीदार स्वरूप याच रेषांशी नाते सांगते. योगायोग असा की १८६९ याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी 'न्यूरॅस्थेनिया' म्हणजे मज्जातंतूंचा थकवा ही संज्ञा प्रचारात आणली. एकीकडे कारण अज्ञात असलेला विकार आणि दुसरीकडे कशालाही कारण म्हणून पुरणारी संज्ञा अशी ही जोडी जमली. काळजी आणि मानसिक थकवा हे लायकेन प्लॅनसचे कारण म्हणून वैद्यकीय ग्रंथांत वारंवार दिसू लागले.

१९६८ मध्ये आंद्रेआसेन यांनी तोंडातील विकाराचे सहा प्रकार सांगितले. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली. आज त्याची प्रक्रिया बरीच उलगडली आहे : शरीराच्या संरक्षक पेशींपैकी टी-लिंफोसाइट या पेशी श्लेष्मल त्वचेच्या तळथरातील पेशींवर हल्ला करतात आणि तो हल्ला दीर्घकाळ चालू राहतो. हल्ला मुळात का सुरू होतो, याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

भारतातील मुखरोगांच्या अभ्यासात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे कार्य पायाभूत आहे. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने १९६० च्या दशकात देशाच्या पाच जिल्ह्यांत पन्नास हजारांहून अधिक ग्रामस्थांची घरोघरी जाऊन तोंडतपासणी केली. याच परंपरेतील १९७२ च्या अभ्यासात केरळातील ७,६३९ ग्रामस्थांपैकी १.५ टक्के लोकांत ओरल लायकेन प्लॅनस आढळला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात ७२२ भारतीय रुग्णांपैकी ०.४ टक्के रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवला. हे प्रमाण लहान आहे. पण विकार वर्षानुवर्षे सोबत राहत असल्याने रुग्णाच्या मनात 'हा कर्करोग तर नव्हे?' ही शंका घर करून बसते. चिंतेमुळे विकार होतो की विकारामुळे चिंता होते, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

ताणाची सोय

या ठिकाणी थोडे विषयांतर करून एका शेजारच्या विकाराकडे पाहणे आवश्यक आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाची श्लेष्मल त्वचा ताठरत जाऊन तोंड उघडेनासे होण्याची अवस्था वर्णिली आणि तिला 'अज्ञातहेतुक' ठरविले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याच अवस्थेस 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे आज रूढ असलेले नाव दिले. तिचे कारण प्रथम मिरचीत, जीवनसत्त्वांच्या अभावात शोधले गेले. अखेरीस दोषी ठरली ती सुपारी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला मानवी कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणजे 'अज्ञातहेतुक' म्हणून जे नोंदले गेले ते पानाच्या डब्यात होते, आणि ते सापडले खेड्यापाड्यांत फिरून लोकांच्या सवयी विचारणाऱ्यांना.

सेल्येच्या संदर्भात याला आणखी एक बाजू आहे. तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाल्यानंतर मार्क पेटिक्रू आणि केली ली यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की सेल्येला तंबाखू उद्योगाकडून अर्थसाहाय्य मिळत होते आणि धूम्रपान हा ताण हलका करण्याचा उपाय असल्याची मांडणी त्याने सार्वजनिकरीत्या केली होती. हृदयविकाराचे कारण ताण ठरला तर सिगारेट सुटते, हा त्यामागील हिशेब होता. ताणाची संपूर्ण संकल्पना यामुळे खोटी ठरत नाही. मात्र एखाद्या विकाराचे कारण म्हणून 'ताण' पुढे केला जातो तेव्हा कोणते दुसरे कारण नजरेआड होते, हे विचारण्याचा अधिकार इतिहासाच्या अभ्यासकाला या कागदपत्रांनी दिला आहे. तंबाखू, मिश्री आणि सुपारी यांचे सेवन व्यापक असलेल्या आपल्या समाजात हा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो. त्यातही स्त्रीच्या विकाराला 'मनाचे' म्हणून बाजूला सारण्याची जुनी सवय लक्षात घेतली तर मध्यमवयीन स्त्रीच्या तोंडातील व्रणाला ताणाचे लेबल किती सहज चिकटते हे वेगळे सांगावयास नको.

लाळेतील कॉर्टिसॉल

या लेबलाला आकड्यांचा आधार मिळाला तो कॉर्टिसॉलमुळे. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-मापनपद्धतीमुळे अत्यल्प प्रमाणातील संप्रेरके मोजता येऊ लागली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते. उरलेला मुक्त अंश तेवढा पेशींवर परिणाम करतो आणि तोच लालाग्रंथीतून झिरपून लाळेत येतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी हे स्पष्ट झाल्यावर लाळेचे महत्त्व एकदम वाढले. सुई टोचल्याने होणारा ताण टळतो, रुग्ण घरच्या घरी नमुना घेऊ शकतो आणि लाळ कमीजास्त सुटली तरी कॉर्टिसॉलची मात्रा फारशी बदलत नाही. जर्मनीतील किर्शबाउम आणि हेलहॅमर यांनी १९८९ मध्ये या पद्धतीचा आढावा प्रसिद्ध केला आणि १९९३ मध्ये परीक्षकांपुढे भाषण व तोंडी गणित करावयास लावणारी 'ट्रिअर' चाचणी सिद्ध केली. १९९६ मध्ये अल्फा-अमायलेज या पिष्टपाचक विकराचीही त्यात भर पडली. ते अनुकंपी चेतासंस्थेच्या उत्तेजनाचे सूचक मानले गेले.

ही साधने हाती येताच ओरल लायकेन प्लॅनसच्या रुग्णांची लाळ तपासली जाणे स्वाभाविक होते. निष्पत्ती मात्र एकमुखी नाही. केवळ प्रश्नावलींवर आधारलेल्या आधीच्या अभ्यासांतही मतभेद होताच : १९८६ मधील अमेरिकन आणि १९९२ मधील ब्रिटिश अभ्यासास रुग्ण आणि निरोगी यांच्या चिंतेत ठळक फरक आढळला नाही, तर १९९८ मध्ये स्पेनमधील शंभर रुग्णांच्या अभ्यासास तो आढळला. लाळेच्या अभ्यासांत तेच घडले. स्वीडनमधील २००१ च्या अभ्यासात व्रणयुक्त प्रकाराच्या रुग्णांचे कॉर्टिसॉल वाढलेले दिसले नाही. २००३ मध्ये इस्तंबूलच्या कोराय आणि सहकाऱ्यांना ४० रुग्ण आणि ४० निरोगी व्यक्तींच्या तुलनेत कॉर्टिसॉल आणि चिंता दोन्ही अधिक आढळली. २००९ मध्ये भारतातील ३० रुग्णांच्या अभ्यासानेही वाढ दाखविली. २०११ मध्ये ब्राझीलच्या अभ्यासाने ती नाकारली.

या विसंगतीची कारणे लाळेतच आहेत. कॉर्टिसॉल दिवसभर एकसारखे नसते. जागे झाल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखर गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. दवाखान्यात सकाळी दहाला घेतलेला एकच नमुना रुग्ण किती वाजता उठला यावरही अवलंबून असतो. धूम्रपान आणि जेवण यांनी त्यात फरक पडतो. शिवाय लालाग्रंथीतच कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोनमध्ये रूपांतर होत असते. त्याहून मोठी अडचण उपचाराची आहे. फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये कॉर्टिसोनचा दाहशामक गुण जगापुढे आणला आणि तेव्हापासून स्टेरॉइड मलमे हाच या विकाराचा मुख्य उपचार राहिला आहे. ज्या गटाचे रसायन तोंडात लावावयाचे, त्याच गटाच्या रसायनाची मात्रा लाळेत मोजावयाची! आणि कॉर्टिसॉल जर दाह शमवते, तर वाढलेल्या कॉर्टिसॉलने दाह कसा होतो? दीर्घ ताणात पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात असे उत्तर दिले जाते. ते संभाव्य आहे. पण तसे असेल तर केवळ मात्रा मोजून भागणार नाही, पेशींचा प्रतिसादही मोजावा लागेल.

आणि मग रक्त. व्रणयुक्त लायकेन प्लॅनसमध्ये हिरड्या सोललेल्या असतात, दात घासणे वेदनादायक झाल्याने त्या अधिकच सुजतात, आणि लाळेत रक्त मिसळते. २००४ मधील एका अभ्यासानुसार अल्प रक्तमिश्रणाने लाळेतील कॉर्टिसॉलचे मापन फारसे बिघडत नाही, टेस्टोस्टेरॉनचे मात्र बिघडते. त्यामुळे कॉर्टिसॉल या दोषातून बऱ्याच अंशी सुटते. दाहजन्य प्रथिने सुटत नाहीत. २००५ मध्ये मिनेसोटा येथील संशोधकांनी या रुग्णांच्या लाळेत इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ यांसारख्या दाहजन्य घटकांचे प्रमाण वाढलेले असल्याचे दाखविले; ते घटक जखमेतून थेट लाळेत उतरतात. त्यांवरून रोगाची तीव्रता कळू शकेल. मनाची अवस्था त्यांवरून वाचणे म्हणजे हिरडीच्या रक्तावरून चोर ठरविणे होय.

अलीकडच्या शोधनिबंधांतील पात्रतेचे निकष वाचताना कात्यायनाची आठवण अपरिहार्यपणे होते. गर्भवती वगळाव्या, स्टेरॉइड घेणारे वगळावे, तंबाखू सेवन करणारे वगळावे, तासभर आधी काही खाल्लेले नसावे, तोंडात अन्य विकार नसावा. व्रतस्थ, मंत्रज्ञ, लोहार यांच्या जागी नवी नावे आली आहेत. फक्त मुखरोग्याला वगळता येत नाही, कारण परीक्षा त्याचीच आहे. तुलनेसाठी निरोगी तोंडाची माणसे घेतली जातात, आणि दोन गटांतील फरक ताणाचा की तोंडाचा हा प्रश्न तसाच राहतो. ही अडचण ओळखून काही संशोधकांनी तुलनेसाठी तोंड दुखणारे परंतु लायकेन प्लॅनस नसलेले रुग्ण घ्यावेत असे सुचविले आहे. तो मार्ग अधिक कष्टाचा असला तरी अधिक प्रामाणिक आहे. विकार होण्यापूर्वीपासून वर्षानुवर्षे त्याच व्यक्तींचा पाठपुरावा करणे हा दुसरा मार्ग. एर्नाकुलमच्या खेड्यांत तंबाखूच्या बाबतीत तो यशस्वी झाला होता. तिसरा मार्ग गेल्या दोन दशकांत खुला झाला आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या काळातील कॉर्टिसॉल आपल्यात साठवितो. डोक्याच्या मागील बाजूची तीन सेंटिमीटर लांबीची बट कापून घेतली की मागील तीन महिन्यांची नोंद हाती येते. सकाळ-संध्याकाळचा फरक तीत पुसला जातो, आणि रुग्णाला तोंड उघडावेही लागत नाही.